लिस्बनमध्ये खायचं कुठे, मागवायचं काय आणि बिलात फसायचं नाही ते कसं

लिस्बनच्या पहिल्याच दुपारी सासूबाईंनी मेन्यूकार्डवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं हे बघ, पेरू लिहिलंय, पुढे बटाटापण आहे, माझ्यासाठी हेच मागव." मलाही वाटलं असेल काहीतरी पेरूची कोशिंबीर वगैरे. नशीब मी वेटरला विचारलं. त्याला इंग्लिश बेताचंच येत होतं, त्याने थोडा विचार केला, दोन्ही कोपरं बाहेर काढून पंखासारखी फडफडवली आणि घशातून आवाज काढला. पोर्तुगीजमध्ये पेरू म्हणजे टर्की! आमच्या सासूबाई शुद्ध शाकाहारी, केकमधलं अंडं तेवढं चालतं. बटाटा मात्र खरंच बटाटा होता.

तर हा लेख अशाच लोकांसाठी, पहिल्यांदा लिस्बनला निघालेत, बरोबर एकजण मासेखाऊ, एकजण सगळं खाणारा, एकजण शाकाहारी आणि एक मूल ज्याला फक्त गोड पाहिजे. आम्ही आठ दिवस होतो, अल्फामाच्या वरच्या अंगाला घर घेतलं होतं, त्यामुळे रोज चढ चढून भूक लागायची हे वेगळं सांगायला नको.

निघायच्या आधी: दहा-बारा शब्द

हे काम वाटतं तेवढं अवघड नाही कारण अर्धे शब्द आपल्या घरातलेच आहेत. बटाटा, काजू, अननस, पपई तिकडे जवळपास तसेच आहेत. पाव म्हणजे पांव, नाकात बोलायचं. कोबीला कोव्ह. टेबलाला मेझा, आपलं मेज. आणि सगळ्यात कामाचा शब्द पगार! तिकडे पगार म्हणजे पैसे देणं, जेवण झालं की "केरु पगार" म्हटलं की बिल येतं. माझ्या नवऱ्याला हे इतकं आवडलं की आठ दिवस तोच म्हणत होता, पगार मागतोय असं तोंड करून.

बाकी हे पाठ करा. कार्न म्हणजे मटण-मांस, पैश म्हणजे मासे, व्हाका म्हणजे गाय, पोर्कु म्हणजे डुक्कर, फ्रांगु म्हणजे चिकन, सें म्हणजे शिवाय. "सें कार्न, सें पैश" एवढं म्हटलं की शाकाहारी माणसाचं निम्मं काम झालं. आणखी एक, कार्डवर बीफ असं वाचलं की ते बीफ असेलच असं नाही, बीफ म्हणजे तिकडे नुसता कुठल्याही मांसाचा पातळ तुकडा, चिकनचंही बीफ असतं, टूना माशाचंही असतं आणि वर सांगितलं ते टर्कीचंही. ज्यांना गाय-बैल चालत नाही त्यांनी पुढचा शब्द वाचायचा. थँक्यू म्हणताना बायकांनी ओब्रिगादा, पुरुषांनी ओब्रिगादु.

सकाळ: काउंटरला उभं राहायचं

नाश्त्याला हॉटेलात पैसे घालवू नका. प्रत्येक गल्लीत एक पास्तेलारिया असते, म्हणजे बेकरी आणि कॉफीचं दुकान एकत्र, आपल्या इराण्याच्या जवळपास जाणारी गोष्ट. काचेच्या कपाटात खायचे पदार्थ, मागे कॉफीचं मशीन, पुढे स्टीलचा नाहीतर दगडी काउंटर. काउंटरला उभं राहून प्यायलात तर स्वस्त, आत टेबलावर बसलात तर बऱ्याच ठिकाणी जास्त, बाहेर छत्रीखाली बसलात तर आणखी जास्त. म्हणजे कॉफी तीच, खुर्चीचे पैसे.

नुसती छोटी कडक कॉफी पाहिजे तर 'बिका' म्हणायचं, हा लिस्बनचा शब्द आहे, साधारण युरोभर पडते. ती आपल्याला फार कडू लागते. दुधाची पाहिजे तर 'गलांव', उंच काचेच्या ग्लासात येते, ग्लास इतका गरम असतो की रुमाल गुंडाळून धरावा लागतो, सासूबाईंना चहाची आठवण यायची ती इथे थोडी भागली. बरोबर 'तोराडा' मागवा, जाडजूड पावाचे तुकडे भाजून, वर लोणी सढळ हाताने, आणि सुरीने लांब पट्ट्या कापून देतात. मधली पट्टी सगळ्यात मऊ, ती कोणी घ्यायची यावरून आमच्याकडे रोज भांडण. चीजचं टोस्ट पाहिजे असेल तर सांगताना जपून, 'तोश्ता मिश्ता' म्हणजे हॅम घातलेलं, फक्त चीजचं म्हणजे 'तोश्ता द केजु'.

जुनी नावं बघायची असतील तर फिगेरा चौकातली कोन्फैतारिया नासिओनाल १८२९ची आहे आणि शियादोमधलं ब्राझिलेरा कॅफे १९०५चं. ब्राझिलेराच्या बाहेर कवी फर्नांदो पेसोआचा ब्राँझचा पुतळा टेबलाशी बसलाय, सगळे त्याच्या शेजारी बसून फोटो काढतात. फोटो बाहेर काढा, कॉफी आत काउंटरला प्या.

सुट्टे युरो मात्र खिशात ठेवा. छोट्या दुकानांत काही ठिकाणी फक्त तिथलं मल्टिबांको कार्ड चालतं, आपलं कार्ड मशीनमध्ये घातलं की तो नुसता मान हलवतो.

दुपार: खरं जेवण इथे आहे

माझं ठाम मत आहे की लिस्बनमध्ये पैसे आणि भूक दोन्ही दुपारच्या जेवणासाठी राखून ठेवावी. रात्री कुठेही सूप-पाव खा. दुपारी जायचं ते 'ताश्का'मध्ये. ताश्का म्हणजे आपली खानावळ, घरचीच चार माणसं चालवणारी, दहा-बारा टेबलं, वर कागद अंथरलेला, कोपऱ्यात टीव्ही आणि त्यावर फुटबॉल. चांगली ताश्का ओळखायची कशी ते सांगते. दारावर किंवा काचेवर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला असतो, त्यावर त्या दिवसाचे तीन-चार पदार्थ, याला 'प्रातु दु दिया' म्हणतात, आजचं ताट समजा. कागद फक्त पोर्तुगीजमध्ये असेल तर उत्तम. आत बांधकामाचे मजूर, बँकेतले लोक, एकटे म्हातारे आजोबा असे बसलेले दिसले तर डोळे मिटून शिरायचं. उलट सहा भाषांत फोटोचं मेन्यूकार्ड आणि दारात हात धरून "इंडिया? नमस्ते!" म्हणणारा माणूस असेल तर पुढे चालू लागा. रुआ औगुश्ता आणि त्याच्या आसपासच्या बायशा भागात असे फार.

वेळ पाळा. साडेबारा ते अडीच-तीन एवढाच खेळ असतो, नंतर किचन बंद होतं ते साडेसात-आठपर्यंत. चार वाजता भूक लागली तर पास्तेलारिया आहेच. एक वाजता गेलात तर रांग लागते, म्हणून आम्ही साडेबाराला दारात उभे. रविवारी बऱ्याच ताश्का बंद असतात हेही लक्षात ठेवा, आमचा पहिला रविवार बिस्किटांवर गेला.

आणि 'मेया डोझ' हा शब्द. एका डोझमध्ये दोन माणसं जेवतात, मेया डोझ म्हणजे अर्धं ताट आणि तेच एकाला पुरून उरतं. पहिल्या दिवशी आम्ही चौघांसाठी तीन पूर्ण डोझ मागवले, मालकीणबाईंनी एकदा आमच्याकडे, एकदा लेकीकडे बघितलं आणि न विचारता दोन केले. बरं केलं. शेवटी त्यांनी पेन काढून टेबलावरच्या कागदावरच बिल मांडलं, भागाकार-बेरीज सगळं आमच्या समोर.

टेबलावर बसल्याबसल्या येतं ते फुकट नसतं

हे नीट वाचा. बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी, चीज असं काहीबाही समोर ठेवतात. याला 'कुव्हेर' म्हणतात. आपल्याकडे कांदा-लिंबू ठेवतात तसं वाटतं, पण तसं नाहीये, जे खाल्लं त्याचे पैसे लागतात. कायदा असा आहे की तुम्ही मागितलं नसेल आणि हात लावला नसेल तर पैसे घेता येत नाहीत. म्हणजे नको असेल तर सरळ "नांव, ओब्रिगादा" म्हणून परत द्यायचं, कोणी रागवत नाही. पाहिजे असेल तर खा, ऑलिव्ह आणि पाव छानच असतात आणि फार महाग नसतात, पण भरलेलं मोठं चीज किंवा कोळंबीची बशी असेल तर आधी दर विचारा.

आमची फजिती याहून मोठी झाली. तिसऱ्या दिवशी बायशातल्या एका हॉटेलात (नाव नाही घेत) वेटरने ट्रेमध्ये ताजा मासा आणून दाखवला, डोळे चकाकत होते, कल्ले लालभडक, मी कोकणातली, लगेच हो म्हटलं. कार्डवर किंमत बावीस युरो दिसली होती. बिल आलं तेव्हा फक्त माशाचे एकोणचाळीस! मी वाद घालायला लागले तर त्याने कार्डवर बारीक अक्षरं दाखवली, बावीस युरो किलोला. मासा पावणेदोन किलोच्या वर. चूक माझीच म्हणायची, पण वजन न सांगता तव्यावर टाकला हे काही बरोबर नाही. तेव्हा अख्खा मासा, शिंपले, खेकडे, मोठी कोळंबी घेताना समोर वजन करायला लावा आणि किती होतील ते आकड्यात लिहून घ्या.

टीप द्यायची सक्ती नाही, सुट्टे पैसे ठेवलेत तरी पुष्कळ. टॅक्स दरातच धरलेला असतो. पाणी बाटलीचं आणतात, नळाचं चालतं आणि चांगलं असतं, "आग्वा दा तुर्नैरा" मागा.

मासे खाणाऱ्यांनी काय मागवायचं

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, माफ करा.

पहिलं बाकल्याव. कॉड मासा, मीठ लावून वाळवलेला, आणि गंमत म्हणजे तो त्यांच्या समुद्रातला नाही, बहुतेक नॉर्वेकडून येतो. किराणा दुकानात शिरलात की पुठ्ठ्यासारखे मोठे मोठे पांढरे तुकडे रचलेले दिसतात आणि आधी वास येतो, आपल्याकडे सुक्या मासळीच्या बाजारात येतो तसाच, नवऱ्याने नाक धरलं, मला एकदम आजीच्या घराची माळवदाखालची टोपली आठवली. एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात मग शिजवतात. पहिल्यांदा खाणाऱ्यांनी 'बाकल्याव आ ब्राश' घ्यावा, माशाचे बारीक धागे, काड्यांसारखा तळलेला बटाटा आणि अंडं एकत्र परतलेलं, वर काळे ऑलिव्ह. हा लिस्बनचाच पदार्थ. लहान मुलांना माशाचे वडे, 'पश्तेल द बाकल्याव', बटाटा घातलेले, आमच्या लेकीने तीन दिवस हेच खाल्लं.

दुसरं तारल्या. हो, आपल्या तारल्यांचीच जातभाई, सार्दिन्या. जून ते सप्टेंबर जाणार असाल तर कोळशावर भाजलेल्या खा, नुसतं जाडं मीठ, बाजूला उकडलेला बटाटा आणि भाजलेली सिमला मिरची. १२ जूनच्या रात्री संत आंतोनियोचा सण असतो तेव्हा अल्फामात गल्लीगल्लीत शेगड्या लावतात, पावाच्या तुकड्यावर तारली ठेवून देतात, तेल-रस पावात मुरतो आणि शेवटी तो पाव खायचा. कपडे जुने घाला, वास दोन धुण्यांत जात नाही. हिवाळ्यात गेलात तर तारल्या मागवू नका, फ्रोझन असतात.

तिसरं तिसऱ्या! 'आमैज्वाश आ बुल्यांव पातु' असं लांबलचक नाव, तिसऱ्या लसूण, ऑलिव्ह ऑइल आणि भरपूर कोथिंबिरीत. हो, कोथिंबीर. युरोपात कोथिंबीर एवढी सढळ मी दुसरीकडे कुठे बघितली नाही. खाली राहिलेला रस पावाने पुसून घ्यायचा, चमच्याने नाही.

चौथं पोल्व्हु, ऑक्टोपस, भाजून ऑलिव्ह ऑइलमध्ये. रबरासारखा लागेल म्हणून घाबरू नका, चांगल्या ठिकाणी लोण्यासारखा होतो. बरोबर येतो तो 'बटाटा आ मुर्रु', म्हणजे मुक्का मारलेला बटाटा. साल न काढता भाजायचा आणि वरून एक गुद्दा. आपण जेवताना कांदा फोडतो ना, अगदी तसाच.

चिकनवाल्यांना सगळीकडे कोळशावरचं फ्रांगु मिळतं, पिरी-पिरीची बाटली मागून घ्या. तिखट म्हणून जे देतात ते आपल्याला बेताचंच लागतं पण आठ दिवसांत त्याचंच कौतुक वाटायला लागतं.

शाकाहारी माणूस बरोबर असेल तर

खोटं सांगत नाही, ताश्कात शाकाहारी माणसाचे हाल होऊ शकतात, पण उपाशी राहत नाही. रोजचं सूप असतं, भाज्या वाटून केलेलं, 'सोपा द लेगुम्श', एक-दोन युरोंना मोठा बाऊल. विचारायचं मात्र नक्की, कारण त्यात कधी मांसाचा स्टॉक असतो. 'काल्दु व्हेर्द' हे हिरव्या पालेभाजीचं सूप फार चांगलं, पण वर सॉसेजची चकती तरंगत असते आणि बऱ्याचदा तीच आत शिजवलेली असते, म्हणून चकती काढून खाऊ म्हणत असाल तर तुमचं तुम्ही ठरवा, सासूबाईंनी नाही खाल्लं.

त्यांना सापडलेला खजिना म्हणजे 'पैशिन्युश दा ओर्ता'. शब्दशः अर्थ बागेतले छोटे मासे. मी नाव वाचूनच पुढे गेले होते, शेजारच्या टेबलावर बघितलं तर फरसबीच्या अख्ख्या शेंगांची भजी! जपानचा टेंपुरा यावरूनच आला असं म्हणतात. पिठात अंडं असू शकतं, विचारून घ्या. म्हणजे बघा, पेरू होता तो पक्षी निघाला आणि मासे होते ती फरसबी.

शिवाय ऑमलेट, भात (साधा मागा, 'अरोश ब्रांकु'), टोमॅटोची सॅलड, चीज-पाव. गोडात 'अरोश दोस' म्हणजे तांदळाची घट्ट खीर, वर दालचिनीच्या पुडीने चिमटीने नक्षी काढलेली, रांगोळीच म्हणा.

आणि घरच्यासारखं जेवायचंच असेल तर शहराच्या उत्तरेला लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे, तिथल्या हिंदू समाजाचं, पत्त्यातला रस्तासुद्धा महात्मा गांधींच्या नावाचा. तिथे शाकाहारी कँटीन आहे, थाळी मिळते. हे लोक मूळचे बरेचसे गुजराती, मोझांबिकमार्गे पोर्तुगालला आलेले. डाळ-भात समोर आल्यावर सासूबाई दहा मिनिटं काही बोलल्याच नाहीत. जायच्या आधी वेळ बघून जा. हिरवी मिरची, कढीपत्ता, पीठ वगैरे पाहिजे असेल तर मार्तीं मोनीश चौकाच्या आसपास भारतीय-बांगलादेशी दुकानं ओळीने आहेत.

चार वाजताचं काम: नाता

पश्तेल द नाता, कस्टर्डचं छोटं टार्ट, हे सगळ्यांना माहीत असतं. बेलेंला जे जुनं दुकान आहे ते १८३७चं, शेजारच्या जेरोनिमुश मठातली पाककृती असं सांगतात, १८३४मध्ये मठ बंद झाले आणि ती बाहेर विकायला आली. फक्त तिथल्या नात्यालाच 'पश्तेल द बेलें' म्हणायचं, बाकी सगळे नाता. काइश दु सुद्रेहून ट्रेनने जा, १५ नंबरची ट्रामही जाते पण भरलेली असते. दुकानाबाहेर भली मोठी रांग दिसेल ती पार्सलची, घाबरून परत फिरू नका, आत बसायची जागा प्रचंड आहे, निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या, तिथे लवकर नंबर लागतो. दालचिनी आणि पिठीसाखर वरून भुरभुरवायची. गरम असतानाच खा, वरचे काळे डाग म्हणजे जळलेलं नाही, तेच खरं.

पण मला स्वतःला शियादोजवळ कामोंइश चौकातल्या मांतैगारियाचे जास्त आवडले. काचेपलीकडे पोरं टार्ट थापत असतात, घाणा तयार झाला की घंटा वाजते. घंटा ऐकली की आत शिरायचं, एवढाच नियम. नवरा बेलेंच्या पक्षाचा आहे, हा वाद मिटलेला नाही. अंडं अजिबात चालत नसेल तर यातलं काहीच चालणार नाही, नुसतं पिवळ्या बलकाचं काम आहे.

संध्याकाळ

रोसियोजवळ सांव दोमिंगुश चौकात एक एवढंसं दुकान आहे, आ जिंजिन्या, १८४०पासून फक्त आंबट चेरीची दारू विकतं. बसायला जागा नाही, चौकात उभं राहून एक छोटा ग्लास. तो विचारतो "कों एलाश?" म्हणजे चेरी घालू का? हो म्हणा, बिया तोंडात घोळवत चौक बघा.

नदीकाठचं टाइम आउट मार्केट २०१४ला सुरू झालं, जुन्या मंडईच्या अर्ध्या भागात. महाग आहे, गोंगाट आहे, खुर्ची मिळवायला लोकलसारखी धडपड. तरी एकदा जा, कारण चौघांना चार स्टॉलवरून चार वेगळ्या गोष्टी घेऊन एका टेबलावर बसता येतं, आमच्यासारख्या घराला ते सोयीचं. उरलेल्या अर्ध्यात सकाळी खरी मंडई भरते, ती जास्त बघण्यासारखी.

त्यापेक्षा काइश दु सुद्रेहून फेरी पकडून तेजु नदीपलीकडे कासिल्याशला जा, दहा मिनिटं लागतात. तिकडे मासे भाजणारी हॉटेलं आहेत आणि सूर्य मावळताना अख्खं लिस्बन समोर. परतीच्या फेरीची वेळ आधी बघून ठेवा.

आणि हो, गोवा

कुठल्याही पास्तेलारियाच्या काचेत, क्रोकेटच्या शेजारी, समोसा असतो. नाव 'शमुसा'. गोव्याहून गेलेला, आकाराने छोटा, आत बहुतेक वेळा खिमा, म्हणून शाकाहारींनी विचारल्याशिवाय उचलू नका. १९६१नंतर आणि पुढे मोझांबिकमधून बरेच गोंयकार लिस्बनला आले, त्यांची जेवणं मोउरारियाच्या गल्ल्यांत सापडतात. तेंतासोंइश द गोवा हे त्यातलं एक, चार टेबलांचं, शागुती मिळते, बेबिंकपण. चालू आहे का ते विचारून जा. मला शागुती घरच्यापेक्षा सौम्य वाटली, खोबरं कमी. पण सोलकढीच्या देशातून आलेल्या बाईला दुसरं काय वाटणार.

परत येताना

रुआ दुश बाकल्यवैरुशवर कोंसेर्व्हैरा द लिश्बोआ नावाचं १९३०चं माशांच्या डब्यांचं दुकान आहे, रंगीत कागदात गुंडाळून सुतळीने बांधून देतात, भेट द्यायला सुरेख, चेक-इन बॅगेत टाका. नाता न्यायचे असतील तर निघायच्या दिवशीच घ्या, पुठ्ठ्याच्या उभ्या डब्यात सहा मिळतात, हातात ठेवा, फ्रिज नको, घरी ओव्हनमध्ये किंवा जाड तव्यावर झाकण ठेवून गरम करा. आम्ही सहा घेतले होते. पुण्यात दोन पोचले, आणि बाकीचे चार विमानात कोणी खाल्ले यावर लेक अजून काही बोलत नाही.